पंख चिकटवण्याआधी

प्रिय चित्रकार,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आराखड्यात चार बाय चार फुटांच्या फळीवर फुलपाखरांच्या खऱ्या पंखांचं मंडल आहे आणि खाली शीर्षक, 'आत्मा'. पहिली अडचण शीर्षकातच आहे. ग्रीकमध्ये 'सायकी' या एकाच शब्दात आत्माही येतो आणि फुलपाखरूही, म्हणून युरोपातल्या चित्रांत ते मृत्यूशी सहज जोडलं जातं. मराठीत ते फुलाचं पाखरू. आपल्या कानाला त्यात बालवाडी ऐकू येते, फार तर चंचलपणा. मरण दाखवायचं असेल तर ते तुझ्या मांडणीतच दिसायला हवं.

ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टने १९९१ साली लंडनमध्ये तेच केलं. वरच्या मजल्यावर पांढऱ्या कॅनव्हासवर कोश चिकटवलेले, हवा उबदार आणि दमट, साखरपाण्याच्या वाट्या. फुलपाखरं तिथेच कोशातून निघत, उडत, मरत. खालच्या मजल्यावर चकचकीत एकरंगी कॅनव्हासवर चिकटलेली मेलेली फुलपाखरं आणि टेबलावर थोटकांनी भरलेले ॲशट्रे. त्या थोटकांमुळे सगळी खोली एखाद्या उरकलेल्या पार्टीसारखी होते, म्हणून मला ती पंखांहून महत्त्वाची वाटतात. २०१२ साली लंडनच्याच टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात ही मांडणी पुन्हा झाली, तेव्हा २३ आठवड्यांत ९,००० हून अधिक फुलपाखरं मेली आणि टीकाही सडकून झाली. पण किंमत निदान डोळ्यांसमोर मोजली जात होती. चर्चच्या रंगीत काचांसारखी त्याची नंतरची पंखचित्रं मला तितकी पटत नाहीत. तिथे उरते ती नक्षी. तुझं मंडल त्याच बाजूला झुकतंय.

आणि पंख आणणार कुठून? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे संरक्षित जातीचं फुलपाखरू मेलेलं सापडलं तरी ती सरकारी मालमत्ता. बर्डविंग हे मोठ्या पंखांचं फुलपाखरू परदेशातून मागवायचं तर साइट्सचे (CITES, वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाने लागतात. विक्रेत्याचं बिल म्हणजे परवाना नव्हे. जात नीट ओळखता येत नसेल तर रानातलं काहीच उचलू नकोस.

रीतसर कागदपत्रांचा वाळका नमुना मिळालाच, तर आधी तो मऊ कर. हवाबंद डब्यात तळाशी ओला कापूस, वर जाळी, बुरशी टाळायला थायमॉलचे चार खडे. २४ ते ४८ तास. घाई केलीस तर पंख मुळाशी तुटतो, जास्त ठेवलास तर पाण्याचे डाग पडतात. बोट लावू नकोस, खवले निघून येतात. चपट्या टोकाच्या चिमट्याने पुढच्या कडेची जाड शीर धर.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती वॉर्निशने. मॉर्फो या चकाकत्या फुलपाखराचा निळा हा रंगद्रव्याचा रंग नाही. खवल्यांतले सूक्ष्म थर आणि मधली हवा यांवर प्रकाश पडून तो दिसतो. पंखावर स्पिरिटचा थेंब टाक: निळ्याचा हिरवा होईल आणि स्पिरिट उडालं की निळा परत येईल. वॉर्निश किंवा रेझिन उडून जात नाही. ते त्या पोकळ्यांत वाळून बसतं आणि तो निळा कायमचा जातो. म्हणून पंखावर लेप नको, वर काच. चौकटीत पंखाखाली तपकिरी भुकटी दिसली तर कीड लागली समज. सगळं पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेव आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नकोस, नाहीतर आत दव धरेल. उजेड ५० लक्सपर्यंतच.

माझं मत विचारशील तर कागद घे. मेक्सिकोचा कलाकार कार्लोस अमोरालेस याने हजारो काळ्या कागदी पतंगांनी (उडवायचे नव्हेत, दिव्यावर झेपावणारे पाखरासारखे कीटक) भिंती आणि छत भरून टाकलं. एकही जीव न घेता अंगावर काटा येतो, कारण तिथे झुंड आहे आणि झुंडीची सावली आहे. तुझ्यासाठी १२० जीएसएम वजनाचा काळा कागद पुरे. घडी ग्रेनच्या दिशेनेच घाल. कागद ज्या दिशेला सरळ फाटतो ती ग्रेन. आडव्या घडीचे पंख पावसाळ्यात वाकडे होतात. गोंद फक्त धडाला, मोहरीएवढा. पंख मोकळे राहिले तरच सावली पडते. डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी टेप टिकत नाही, रंगाची भुकटीच टेपला चिकटून येते. तिथे आधी प्रायमरचा हात मार.

मंडल विसर. पन्नास पतंग काप, एका कोपऱ्यात लाव आणि आठवडाभर रात्री पंखा पूर्ण वेगात ठेव. किती पडले ते कळव.