श्रद्धा वगळून वडील कसे सांगणार?

प्रश्न : माझे वडील गेल्या महिन्यात प्रभूमध्ये विसावले. गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयात त्यांच्या स्मरणार्थ उपासना आहे, आणि घरातर्फे मी बोलायचं ठरलंय. पप्पा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत फिटर होते. फर्स्ट शिफ्टला अंधारातच सायकल काढायचे. पगार झाला की आधी देवळाला द्यायच्या दशांशाचं पाकीट, मग किराणा. रात्री जेवणं झाली की कौटुंबिक प्रार्थना. वाड्यात कोण आजारी, कुणाची परीक्षा, सगळ्यांची नावं घेऊन मागायचे. शिस्त मात्र कडक. मॅच रविवारी आली म्हणून भावाला शाळेच्या टीममधून खेळू दिलं नाही. भाऊ म्हणतो, वाड्यातले, फॅक्टरीतले सगळे येणार आहेत, धर्माचं नको, माणूस म्हणून सांग. पाळकसाहेब म्हणतात, साक्ष द्या, म्हणजे त्यांच्या श्रद्धेबद्दल बोला. मी कुणाचं ऐकू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकता येईल, कारण पप्पांनी स्वतः या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या तुमच्या पत्रात मला कुठे दिसत नाहीत. शेजारच्या आजींच्या मोतीबिंदूसाठी ते रोज रात्री प्रार्थना करत असतील, तर ती त्यांची श्रद्धाही आणि शेजारधर्मही. प्रार्थनेतली ती नावं सांगा. समोर बसलेल्या कुणाला तरी त्या दिवशी पहिल्यांदा कळेल की या घरात आपलंही नाव रोज घेतलं जात होतं. याहून मोठी साक्ष मला तरी सुचत नाही.

वाड्यातल्या मंडळींची धास्ती तर अजिबात नको. 1890 साली तुमच्याच पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती. त्याच पेठेत तुमच्या घरच्या नाताळच्या करंज्या कुणाकुणाकडे जात आणि दिवाळीत कुणाकडून ताट येई, हे आवर्जून सांगा. ती ताटं भरायची कुणी, पोचवायची कुणी, हे आईला आत्ताच विचारून ठेवा. नंतर तपशील निसटतात.

दशांशाचं नुसतं ‘द्यायचे’ म्हणून सोडू नका. फिटरच्या पगारात दहावा हिस्सा आधी काढला की महिनाअखेरीला घरात काय कमी पडायचं? आईनं ते कसं निभावलं? त्यागाचा अर्धा भार बहुतेक वेळा घरातली बाई उचलते, आणि स्मरणाच्या भाषणात तिचं नावही येत नाही. तुम्ही घ्या.

आता शिस्तीचं. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आपले पती रेव्हरंड टिळक यांचा रागही लिहिला आणि हातचं देऊन टाकण्याचा स्वभावही. म्हणून तर इतक्या वर्षांनी ते आपल्याला घरातल्यासारखे वाटतात. पप्पांचा कडकपणा झाकलात, तर फॅक्टरीतले मित्रच मनात म्हणतील, हा आमचा माणूस नव्हे.

पण ती मॅच भावाची आहे. व्यासपीठावरून ती तुम्ही परस्पर सांगू नका. मला वाटतं, ‘धर्माचं नको’ या म्हणण्यामागे तो रविवार अजून दुखत असावा. उपासनेच्या आधी एकदा त्याच्याशी निवांत बसा, पप्पांनी त्याला तेव्हा काय सांगितलं, पुढे कधी तो विषय निघाला का, विचारा. त्याला बोलावंसं वाटलं तर तुमच्या वेळेतली दोन-तीन मिनिटं त्याला द्या आणि पाळकसाहेबांना आधी कळवून ठेवा. नको म्हणाला, तर तो प्रसंग भाषणातून काढा. कडकपणा दाखवायला तुमचा स्वतःचा एखादा अनुभव असेलच.