अनेक संघांनी सोडून दिल्यावरही उशिरा चमकलेला बेसबॉलपटू कोण?

माझ्या मते होसे बाउटिस्टा. डॉमिनिकन रिपब्लिकचा हा खेळाडू 2004 च्या एकाच हंगामात बाल्टिमोर, टॅम्पा बे, कॅन्सस सिटी, न्यूयॉर्क मेट्स आणि पिट्सबर्ग अशा पाच संघांकडे फिरला. मेट्सकडे तर तो आला तसाच पुढे पाठवला गेला. 2008 मध्ये पिट्सबर्गनेही त्याला टोरांटो ब्लू जेजला देऊन टाकलं. तोवर एका मोसमात त्याचे सर्वाधिक होम रन (चेंडू थेट कुंपणापार मारलेले फटके) होते 16.

आणि 2010 मध्ये? 54! संपूर्ण मेजर लीगमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, सर्वाधिक. पुढच्या वर्षीही 43 मारून तोच अव्वल.

मला यातलं तंत्र सर्वात मोलाचं वाटतं. ताकद त्याच्याकडे आधीपासून होती, पण वेगवान चेंडूला बॅट उशिरा पोहोचायची. टोरांटोचे प्रशिक्षक ड्वेन मर्फी आणि व्यवस्थापक सिटो गॅस्टन यांनी त्याला हालचाल लवकर सुरू करायला लावली. पुढचा पाय उंच उचलून तो आधीच तयार राहू लागला आणि चेंडू डावीकडच्या कुंपणापार जाऊ लागले. 2009 च्या सप्टेंबरमध्येच हा बदल दिसू लागला होता. तेव्हा तो 28 वर्षांचा होता.