शाल-श्रीफळाआधी वाडा पाहा

गावातल्या जुन्या वास्तू टिकवणाऱ्यांचा सन्मान कसा करावा, याबद्दल खान्देशातून बरेच प्रश्न आले. त्यांतल्या काहींना वास्तुसंवर्धनात काम करणाऱ्या जाणकारांनी दिलेली ही उत्तरे.

आमचे मंडळ यंदापासून गावातले जुने वाडे, मंदिरे जपणाऱ्यांचा सत्कार करणार आहे. निवड कशी करावी? (वाचक, अमळनेर)

सत्कार कशाचा करायचा हे आधी ठरवा, म्हणजे कोणाचा ते आपोआप ठरते. बहुतेक ठिकाणी नाव आधी ठरते आणि कारण नंतर जोडले जाते. आमच्या मते दोन गोष्टींना मान द्यावा. एक, नीट केलेली दुरुस्ती. दुसरी, वर्षानुवर्षे न चुकता केलेली देखभाल. ही दुसरी डोळ्यांत भरत नाही, म्हणून ती हमखास राहून जाते. जे घर दर वैशाखात धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) खारी माती टाकते, पन्हाळ मोकळी करते, भिंतीत उगवलेला पिंपळ बोटभर असतानाच उपटते, त्या घरावर मोठ्या दुरुस्तीची पाळीच येत नाही. पहिला मान अशा घराला द्या.

मालकाखेरीज आणखी माणसे असतात. सुतार, गवंडी, सारवण-लिंपण करणाऱ्या बायका, वास्तूची रोज राखण करणारा माणूस. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस १९८९ मध्ये गेले, तरी त्यांचा बंगला कलादालन म्हणून आजही पाहता येतो. अशी वास्तू उघडी, झाडलेली आणि कोरडी राहते ती तिथे रोज राबणाऱ्यांमुळे. त्यांची नावे पत्रिकेवर आलीच पाहिजेत.

वेळापत्रक पावसाला धरून आखा. अर्ज ज्येष्ठात घ्या, पाहणी भाद्रपदात करा आणि कार्यक्रम १९ ते २५ नोव्हेंबरच्या जागतिक वारसा सप्ताहात ठेवा. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिनही चालेल, पण पाहणी मात्र पावसाळ्यातलीच हवी. उन्हाळ्यात सगळेच वाडे चांगले दिसतात.

समिती पाच जणांची पुरे: चुन्याचे काम जाणणारा एक वास्तुविशारद किंवा अभियंता, एक जुना सुतार, एक गवंडी, गावचा इतिहास माहीत असलेले कोणी आणि अशा घरात राहिलेली एक गृहिणी. ज्याने त्या घराचे काम केले असेल त्याने त्या घरापुरते बाजूला बसावे. आणि एक खबरदारी घ्या. वाडा सामाईक असेल तर मिळकत पत्रिकेवरच्या सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आधी मिळवा. एका भावाच्या खांद्यावर शाल पडली आणि दुसऱ्याचे नावही घेतले नाही, तर वाटणीचा जुना वाद पुन्हा उकरला जातो आणि त्यात वाड्याची देखभालच थांबते.

धुळ्यातल्या जुन्या गल्ल्यांमधले वाडे पाहायला आमची समिती जाणार आहे. निम्मे सभासद बांधकामातले नाहीत. दुरुस्ती खरी की वरवरची, हे कसे ओळखावे? (वाचक, धुळे)

रंगाकडे पाहू नका. भिंतीच्या बुडापासून सुरुवात करा. जमिनीपासून तीन-चार फुटांवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते का? तो लोणा. त्याच्या खाली बहुधा सिमेंटचा गिलावा असतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते. चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून ती वाळून जाते, पण सिमेंट तिला बाहेर पडू देत नाही. मग ती सिमेंटचा पट्टा जिथे संपतो तिथपर्यंत चढते आणि तिथे क्षार सोडते. आत पांढऱ्या मातीचे भेंडे (कच्च्या विटा) असतील तर ते भुगा होऊन बसतात आणि बाहेरचा गिलावा मात्र कडक उभा राहतो. बोटाच्या पेराने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर आतून भिंत सुटली आहे. असे काम कितीही गुळगुळीत असले तरी त्याला पुरस्कार देऊ नका, कारण पुढच्या वर्षी शेजारीही तेच करतील.

चांगल्या चुनाकामाची खूण विचारल्यावर कळते. चुना किती दिवस भिजत ठेवला होता? किमान पंधरा दिवस, महिनाभर असेल तर उत्तम. प्रमाण काय? एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू, किंवा त्यातली काही वाळू काढून तेवढी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. थर किती जाडीचा? एका वेळी १० ते १२ मिलिमीटर, आणि पहिला थर आवळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. पाणी किती दिवस मारले? निदान आठवडाभर, शिवाय वर ओले गोणपाट. उन्हात भराभर वाळलेल्या चुन्याला केसासारख्या भेगा पडतात आणि हात फिरवला की पावडर निघते. खान्देशच्या उन्हात हे फार घडते, म्हणून चैत्र-वैशाखात केलेले चुनाकाम जरा जास्तच बारकाईने पाहा.

मग वर धाब्याकडे चला. तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचन (लाकडाचे लहान तुकडे), त्यावर पालापाचोळा, मग माती आणि सगळ्यात वर पाणी न झिरपू देणारी खारी. ही रचना हलकी नसते, पण सुकू शकते. गळती थांबवायला वर सिमेंटचा कोबा घातला की वजन वाढते. धाबे उन्हाने ताणले-आकसले की कोब्याला भेगा पडतात, पाणी आत शिरते आणि परत निघत नाही. सगळ्यात आधी कुजतात ती तुळयांची भिंतीत शिरलेली टोके. पाहणीत हीच जागा तपासा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लाकडात हलकेच दाबून पाहा. अर्धा इंच सहज आत गेले तर ते लाकूड संपले. तुळईखाली मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी चालू आहे. पावसाळ्यात पन्हाळीखाली उभे राहा. पाणी भिंतीपासून लांब पडते की भिंतीवरून ओघळते, हे दोन मिनिटांत कळते.

लाकडाची दुरुस्ती असेल तर जोड पाहा. खांबाचा कुजलेला बुडखा कापून तेवढाच नवा सागवानी तुकडा जोडलेला असावा, अख्खा खांब बदललेला नसावा. तिरकस सांधा खांबाच्या जाडीच्या निदान दुप्पट-तिप्पट लांब आणि लाकडी खुंट्यांनी आवळलेला हवा. आखूड सांधा भार आला की घसरतो. खांबाखालचा दगडी तळखडा फरशीच्या वर दिसतो का तेही बघा. नवी टाइल चढवताना तळखडा गाडला गेला, तर फरशी धुतल्याचे पाणी थेट लाकडात जाते. नव्या तुकड्याचा रंग थोडा वेगळा दिसत असेल तर गुण कापू नका. ते प्रामाणिक काम आहे.

नक्षीदार चौकटीवर चकचकीत ऑइलपेंट असेल तर गुण कमी करा. नक्षीच्या खाचा बुजतात, आणि पुढे तो रंग कॉस्टिकने काढायला गेले की लाकडाचे तंतूच उभे राहतात. उकळलेले जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन पहिला पातळ हात, तो पूर्ण वाळल्यावर पुढचा, जादाचे तेल कापडाने पुसून घेणे, एवढे पुरते. ती तेलाची फडकी गोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात आणि सागवानी वाड्यात ते फार धोक्याचे. पाण्यात भिजवून, पसरून वाळवावीत.

सन्मानाची पाटी वाड्यावर लावायची आहे. तिच्यामुळे वाड्याला इजा होऊ नये म्हणून काय करावे? (वाचक, चोपडा)

चौकट, गणेशपट्टी, कोरीव दगड यांना भोक पाडायचे नाही. दाराच्या बाजूच्या साध्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, बारा बाय नऊ इंचांची पाटी पुरते. दगडी भिंत असेल तर भोक दगडात न पाडता दोन दगडांमधल्या चुन्याच्या दरजेत पाडा. दरज पुन्हा भरता येते, दगड भरता येत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. लोखंडी स्क्रू गंजतो, गंजून फुगतो आणि दगडाची कपची उडवतो. पाटी आणि भिंत यांत नळीचे तुकडे घालून अर्ध्या इंचाची फट ठेवा, म्हणजे मागे ओल कोंडत नाही. पितळी पाटीखाली चुन्याच्या भिंतीवर हिरवे ओघळ येतात. दगडी पाटी त्या दृष्टीने बरी. भेंड्यांच्या भिंतीत मात्र प्लग धरतच नाही. तिथे ओट्यालगत वेगळा दगड उभा करा.

मजकुरात वास्तूचे नाव, काळ, दुरुस्तीचे वर्ष, मालकाची इच्छा असेल तर त्यांचे नाव आणि काम करणाऱ्या कारागिरांची नावे एवढे असावे. काळ लिहिताना जपा. "पाचशे वर्षांपूर्वीचा" हे ऐकीव असते. दारावर किंवा तुळईवर शक कोरला असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १७९० म्हणजे साधारण १८६८. व्यापारी घरांत विक्रम संवत आढळतो, त्यातून ५६ किंवा ५७ वजा करा. नाहीतर जुने खरेदीखत, नगर भूमापनाचा उतारा पाहा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या, १९२७ पासून कागदपत्रे सांभाळणाऱ्या संस्थेत चौकशी करा. काहीच सापडले नाही तर "अंदाजे" लिहा.

सत्कार घेतला तर पुरातत्त्व खाते घर ताब्यात घेईल, अशी भीती आमच्या गल्लीतल्या मालकांना वाटते. खरे आहे का? (वाचक, धरणगाव)

नाही. मंडळाच्या सत्काराला कायद्यात काहीही अर्थ नाही. घर विकणे, दुरुस्त करणे, भाड्याने देणे यांवर त्याने बंधन येत नाही. तसे संरक्षणही मिळत नाही. नगरपालिकेची वारसा यादी किंवा पुरातत्त्व विभागाचे संरक्षण या वेगळ्या प्रक्रिया आहेत. त्यांत सूचना निघते आणि हरकती मागवल्या जातात. संमतीपत्राच्या नमुन्यातच हे दोन ओळींत छापा, म्हणजे दारोदार समजावत बसावे लागणार नाही.

आमची मुले दर रविवारी किल्ल्यावर श्रमदान करतात. त्यांचा गौरव करायचा आहे. काही अडचण? (वाचक, पारोळा)

गौरव अवश्य करा, पण आधी त्यांनी काय केले ते विचारा. किल्ल्याजवळ पुरातत्त्व विभागाचा फलक असेल तर ती वास्तू केंद्राची की राज्याची हे त्यावरून कळते. चांगदेव, बलसाणे येथील मंदिरे केंद्र संरक्षित आहेत. केंद्र संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

प्लास्टिक उचलणे आणि गवत विळ्याने कापणे यांनी इजा होत नाही, पण संरक्षित ठिकाणी यासाठीही विभागाला आधी पत्र द्या. गवत पेटवू नका, उष्णतेने दगडाच्या कपच्या उडतात. तटातली पिंपळ-वडाची जाड मुळे ओढून काढू नका, मुळाबरोबर चिरे येतात. ढासळलेले चिरे उचलून रचू नका. ते कुठे पडले यावरून मूळ रचना कळते. चुना फासणे, रंगाने नावे लिहिणे, सिमेंटने फटी बुजवणे हे तर नकोच. राज्य संरक्षित स्मारकासाठी "महाराष्ट्र वैभव" ही संगोपन योजना आहे. नोंदणीकृत संस्थेने तिच्याखाली अर्ज करावा. ज्या गटाने परवानगी घेऊन, महिन्यागणिक त्याच जागेवरून फोटो काढून नोंद ठेवली, त्याचा गौरव सगळ्यात आधी.

आमच्या जुन्या इमारतीची दुरुस्ती युनेस्कोच्या पुरस्कारासाठी पाठवता येईल का? (वाचक, जळगाव)

युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार २००० पासून आहेत. इमारत ५० वर्षांहून जुनी हवी, काम गेल्या दहा वर्षांत पूर्ण झालेले हवे आणि त्यानंतर निदान वर्षभर वास्तू वापरात असायला हवी. अर्ज बहुतेक वेळा अडतो तो दुरुस्तीआधीच्या फोटोंवाचून आणि मोजमाप नकाशांवाचून. काम सुरू व्हायचे असेल तर आजच प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत आणि फरशी यांचे फोटो घ्या. कडेला मोजपट्टी धरा.

सुतार आणि गवंडी यांना शाल-श्रीफळाऐवजी काय द्यावे? (वाचक, यावल)

शाल द्या, पण ती शेवटी. आधी असे प्रमाणपत्र द्या, जे दाखवून त्यांना पुढचे काम मिळेल. "उत्कृष्ट कारागीर" एवढे लिहून भागत नाही. कोणत्या वाड्यात, कोणत्या वर्षी, काय केले ते लिहा: "चार खांबांचे बुडखे तिरकस सांध्याने जोडले", "दीडशे चौरस फूट चुन्याचा गिलावा तीन थरांत केला". खाली मालकाची आणि समितीतल्या अभियंत्याची सही घ्या. प्रत घडी न घालता फाइलमध्ये द्या आणि फोटो जोडा. जुन्या वास्तूंच्या कामात पूर्वीच्या कामाचा पुरावा मागतात, आणि हातात कौशल्य असलेला माणूस नेमका तिथेच मागे पडतो.

रोख रक्कम देणार असाल तर ती त्या दिवशीच्या मजुरीहून वेगळी द्या. कार्यक्रमासाठी त्यांचा रोज बुडतो, तो मंडळाने भरून द्यावा. जमल्यास त्यांच्याच हाताखाली गावातल्या तीन-चार तरुण मुलांना आठवडाभर चुना मळायला लावा आणि शिकवल्याचे मानधन कारागिराला द्या. लिंपण करणाऱ्या बायकांनाही प्रमाणपत्र त्यांच्या स्वतःच्या नावाने द्या, नवऱ्याच्या नावाने नको. मंचावर बोलावण्याआधी नावाचा उच्चार आणि गावाचे नाव त्यांच्याकडूनच विचारून लिहून घ्या.