गुणायचं की भागायचं?

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. मीटरचे सेंटिमीटर करताना गुणायचं की भागायचं, यात गोंधळते. १ मीटर ५ सेंमी म्हणजे १.५ मीटर लिहिते. काय करावं?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, वही थोडे दिवस बाजूला ठेवा आणि शिंप्याकडे असतो तो टेप आणा. त्याच्या एका बाजूला १५० सेंमी असतात. १०० वर लाल दोरा बांधा. तिथे एक मीटर पुरा झाला. आता तिला दोऱ्यापुढे पाच सेंमीवर बोट ठेवायला सांगा, मग दीड मीटरवर. दोन बोटांमधलं अंतर तिला दिसू द्या. दोऱ्यापुढचे ५ सेंमी म्हणजे शंभरातले पाच, म्हणून १.०५. दीड मीटर म्हणजे १.५०, तो थेट टेपच्या टोकाला.

गुणाकार-भागाकाराचा नियम पाठ करून घेऊ नका. तेच टेबल आधी वितीने, मग हाताने मोजू द्या. वीत लहान, म्हणून आकडा मोठा येतो. गणित सोडवण्याआधी एवढंच विचारा, “आकडा वाढेल की कमी होईल?” उत्तर तिचं तिलाच सापडतं.

पट्टीकडेही लक्ष द्या. पुष्कळ पट्ट्यांवर शून्याची रेघ कडेपासून जरा आत असते आणि मुलं कडेपासून मोजतात. मी वर्गात मुद्दाम तुटकी पट्टी देते. पेन्सिल ३ पासून ११ पर्यंत ठेवली की कुणी ११ म्हणतं, कुणी रेघा मोजून ९. मग मधली घरं मोजायला लावते : आठ.