शिक्का वेगळा, मोर्तब वेगळं

प्रश्न असा: २१ जून १७८८ रोजी न्यू हॅम्पशायर या नवव्या राज्याने होकार दिला आणि अमेरिकेची राज्यघटना अमलात येण्यासाठी असलेली नऊ राज्यांच्या होकाराची अट पुरी झाली. मग त्यानंतर व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्कने तिच्यावर 'शिक्कामोर्तब' केलं असं लिहावं, की 'रॅटिफिकेशन'साठी वापरतात तो 'अनुसमर्थन' हा शब्द घ्यावा?

शिक्कामोर्तबच लिहा. मात्र बातम्यांत चालतं तसं नको. 'उमेदवारीवर आज शिक्कामोर्तब होण्याची शक्यता' हे ऐकून कान किटले आहेत. दोन दिवसांनी नाव बदलतं आणि पुन्हा शिक्कामोर्तब होतं! जे असं बदलतं, त्यावर मोर्तब झालेलंच नसतं.

शिवकालीन पत्र डोळ्यांपुढे आणा. माथ्यावर शिक्का, म्हणजे 'प्रतिपच्चंद्रलेखेव'ची मुद्रा. मजकूर संपला की खाली लहानशी दुसरी मुद्रा: 'मर्यादेयं विराजते'. हे मोर्तब. पत्राची हद्द इथे संपली, यापुढे कोणी एक अक्षर घुसडायचं नाही. जुन्या कागदांत 'मोर्तब सूद' येतं, त्यातलं 'सूद' म्हणजे फारसी 'शुद', झालं. मोर्तब हे 'मोहोर'चंच बिघडलेलं रूप, असं ठासून सांगणारे भेटतात. त्यांनी त्यातला 'तब' कुठून आला ते आधी सांगावं. मूळ शब्द अरबी 'मुरत्तब', म्हणजे नीट लावून पुरं केलेलं. र-त-ब या धातूचं घराणं आपल्याकडे चांगलंच रुळलं आहे: रुतबा, मानमरातबातला मरातब आणि रोज सकाळी दारात येणारा दुधाचा रतीब! रतीब म्हणजे नेमून दिलेलं, ठरलेलं. दुधाची पिशवी आणि छत्रपतींची मुद्रा एकाच धातूतून निघाव्यात, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

आता व्हर्जिनिया. माझ्या मते न्यू हॅम्पशायरने उठवला तो शिक्का. कागद कायदेशीर झाला. पण सर्वांत मोठ्या लोकसंख्येचं व्हर्जिनिया आणि मधोमध पसरलेलं न्यूयॉर्क बाहेर राहिलं असतं, तर संघराज्याचे तुकडेच उरले असते. वॉशिंग्टन स्वतः व्हर्जिनियाचे! तिथे पॅट्रिक हेन्रींच्या कडव्या विरोधानंतर २५ जूनला ८९ विरुद्ध ७९ मतांनी होकार मिळाला. ही बातमी २ जुलैला घोडेस्वारांनी पोकीप्सी गावी पोचवली; घटना स्वीकारायची की नाही हे ठरवणारी न्यूयॉर्कची परिषद तिथे भरली होती. तिथे निवडून आलेल्या ६५ प्रतिनिधींपैकी ४६ घटनेचे विरोधक होते.

पुढचा सगळा झगडा एका शब्दाचा होता. विरोधकांना दुरुस्त्यांच्या 'अटीवर' मान्यता द्यायची होती. सशर्त मान्यता ही मान्यताच नव्हे, असं घटनेचे पुरस्कर्ते मॅडिसन यांनी न्यूयॉर्कमधले आपले साथी हॅमिल्टन यांना कळवलं. शेवटी विरोधकांपैकीच सॅम्युअल जोन्स यांनी 'अटीवर' काढून 'पूर्ण विश्वासाने' घालायला सुचवलं आणि २६ जुलैला ३० विरुद्ध २७ मतांनी ठराव पार पडला. अट म्हणजे हद्दीबाहेर लिहिलेली ओळ. ती पुसली तेव्हा मोर्तब झालं. नॉर्थ कॅरोलिना १७८९मध्ये आणि ऱ्होड आयलंड १७९०मध्ये आलं, तोवर नवं सरकार कामाला लागलं होतं.

'अनुसमर्थन' मला याचसाठी खटकतो. मेलँक्टन स्मिथ हे न्यूयॉर्कमधले घटनेचे बिनीचे टीकाकार. मतदानाच्या वेळीही घटनेतल्या उणिवा त्यांना दिसतच होत्या, तरी त्यांनी होकार दिला. नऊ राज्यं आणि व्हर्जिनिया गेल्यावर एकटं राहण्यात त्यांना धोका दिसला. त्यांनी समर्थन केलं नाही. मोर्तब केलं.