अमेरिकेत ट्रक चालवतो. बाहेरगावच्या जेवणाचा पर डिएम (दिवसाचा ठरावीक खर्च) करातून वजा होतो का?

पगार डब्ल्यू-२ वर (कंपनी नोकरदाराला देते तो पगाराचा कर-फॉर्म) येत असेल तर विषयच संपला. नोकरदार ड्रायव्हरला २०१८ पासून केंद्रीय करात ही वजावट नाही. (कंपनीच पर डिएम देत असेल तर गोष्ट वेगळी.)

स्वतःचा धंदा असेल तर मात्र शेड्यूल सी (धंद्याच्या नफा-तोट्याचा कर-फॉर्म) भरताना देशांतर्गत फेरीला दिवसाचे ८० डॉलर धरा. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासूनचा. त्यातले ८० टक्के, म्हणजे ६४ डॉलर, वजा होतात. निघायचा आणि परतायचा दिवस पाऊणच धरायचा. रोज रात्री घरी झोपायला येत असाल तर काहीच नाही. जेवणाच्या पावत्या नसल्या तरी चालतं, लॉगबुक मात्र जपा. मोटेलची पावती लागतेच. आणि ट्रकलाच घर केलेल्यांना, कायमचं ठिकाण नसेल तर, ही वजावट मिळत नाही. घरच नाही तर घरापासून लांब कसले!