गेमिंग पीसी बनवताना आधी ग्राफिक्स कार्ड ठरवावं की मॉनिटर?

तुम्ही विचारलंय की घरात १०८०पी ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर आहे, तोच ठेवून जवळपास सगळं बजेट ग्राफिक्स कार्डवर लावलं तर चालेल का, मॉनिटरचं पुढे कधीतरी बघू. माझ्या मते नका करू असं. विकत काय आधी घ्यायचं ते घ्या, पण ठरवताना आधी मॉनिटर ठरवा आणि मग त्याला पुरेल असं कार्ड शोधा.

माझ्या एका मित्राने अगदी हेच केलं होतं, तगडं कार्ड आणि पडून असलेला ६० हर्ट्झचा मॉनिटर. मी त्याच्या शेजारी बसून बघत होतो, कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं बनतात) १४० दाखवतोय आणि पडद्यावर मात्र काही वेगळं वाटेना, उलट कॅमेरा जोरात फिरवला की चित्र मधूनच आडवं फाटल्यासारखं दिसायचं. कारण सरळ आहे, ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो, त्यामुळे कार्डने १४० फ्रेम बनवल्या तरी बाकीच्या एकतर दिसतच नाहीत किंवा तुकड्या तुकड्याने दिसतात. माऊस हलवल्यावरचा लॅग, म्हणजे उशीर, थोडा कमी होतो हे खरं, पण तेवढ्यासाठी एवढं मोठं कार्ड कोणी घेत नाही. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, १४४ ला ६.९. हा फरक डोळ्यांना लगेच कळतो, नुसता माऊसचा कर्सर गोल फिरवून बघितला तरी कळतो.

आता रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर किती पिक्सेल (ठिपके) असतात ते. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात म्हणून जरा नीट लिहितो. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख आणि ४के म्हणजे ८३ लाख. म्हणजे १०८०पी वरून ४के वर गेलात की कार्डला प्रत्येक फ्रेममध्ये चौपट पिक्सेल रंगवायचे असतात. जे कार्ड १०८०पी ला मस्त पळतं तेच ४के ला धापा टाकतं ते यामुळे. आणि साईझ पण बघा, २४ इंचाला १०८०पी ठीक आहे पण २७ इंचाला तेच पिक्सेल पसरतात, इंचाला साधारण ८२ च उरतात, अक्षरांच्या कडा भुरकट दिसायला लागतात. २७ इंचाला १४४०पी घेतलं तर इंचाला १०९ मिळतात. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेकांसाठी २७ इंच, १४४०पी आणि १४४ किंवा १६५ हर्ट्झ हीच सगळ्यात चांगली जागा आहे. तुम्ही फक्त स्पर्धेचे शूटर खेळत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे १०८०पी आणि २४० हर्ट्झ घेतलं तरी मी नाही म्हणणार नाही, फक्त मग प्रोसेसर पण तेवढा दमाचा लागतो.

कार्ड बघताना मी एफपीएसच्या आधी व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी) बघतो, आणि हे मी अनुभवाने शिकलोय. ८ जीबीच्या कार्डवर १४४०पी खेळत होतो, सरासरी एफपीएस छान दिसायचा, तक्रार करावी असं काही आकड्यात नव्हतंच. पण गेममध्ये एखाद्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो की विटा दिसायच्याच नाहीत, नुसता ओला मातीचा लेप दिल्यासारखी भिंत, दोनतीन सेकंदांनी विटा उमटायच्या, आणि नवीन भागात शिरलं की एक झटका बसायचा. टेक्स्चर (भिंती, जमीन यांवरचे बारकावे) सेटिंगमध्ये अल्ट्रावरून मीडियमवर आणले आणि सगळं थांबलं. मेमरी भरली होती, कार्डची ताकद संपली नव्हती. म्हणून १४४०पी साठी १२ जीबी तरी घ्याच, १६ मिळाली तर उत्तम. आणि नाव नीट वाचा हो, आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारात येतात, नाव तेच असतं, घाईत ८ वालं घरी येऊ शकतं. त्यावरचं बघायचं तर आरटीएक्स ५०७० ला १२ जीबी आहे आणि आरएक्स ९०७० ला १६.

डीएलएसएस (एनव्हिडियाचं) आणि एफएसआर (एएमडीचं), म्हणजे छोटं चित्र बनवून मोठं करायची तंत्रं, वापरायला अजिबात लाजू नका, पण ते कसं चालतं ते माहीत असू द्या. क्वालिटी मोडमध्ये १४४०पी निवडलं तर कार्ड आतून ९६०पी चं चित्र बनवतं आणि ते मोठं करतं. तेच १०८०पी वर केलं तर आतलं चित्र ७२०पी चं होतं, हाताशी माहितीच कमी म्हणून धूसर वाटतं. फ्रेम जनरेशन मात्र मुळात ६० च्या आसपास एफपीएस येत असेल तरच लावा, मधल्या फ्रेम घुसवून आकडा वाढतो पण हाताला जाणवणारा लॅग कमी होत नाही.

पॅनेलचं, म्हणजे मॉनिटरच्या पडद्याच्या प्रकाराचं, थोडक्यात, आयपीएस घ्या आणि निवांत राहा. व्हीए ला काळा रंग छान गडद येतो पण बऱ्याच स्वस्त व्हीए मध्ये अंधाऱ्या सीनला हलत्या गोष्टीमागे काळी सावली ओढली जाते. ओएलईडी बघितलं की मन भरतं, पण दिवसभर त्याच पडद्यावर काम करणार असाल आणि टास्कबार तसाच राहणार असेल तर बर्न-इनचा (एकाच जागी राहिलेल्या चित्राचा कायमचा डाग पडण्याचा) विचार करा. एक गोष्ट मात्र सोडू नका, फ्रीसिंक किंवा जीसिंक कम्पॅटिबल. त्यात मॉनिटर कार्डच्या वेगाने चित्र बदलतो, मित्राकडचं ते फाटणं त्यानेच जातं. २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डं पण फ्रीसिंक (हे एएमडीचं तंत्र) मॉनिटरवर हे करू शकतात, त्यामुळे कार्ड एका कंपनीचं म्हणून मॉनिटर पण त्याच गोटातला हवा असं राहिलेलं नाही.

नवीन मॉनिटर आला की केबल कार्डच्याच पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नाही, आणि शक्यतो डिस्प्लेपोर्टच वापरा. मग विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंग, तिथून ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून रिफ्रेश रेट स्वतः १४४ किंवा १६५ करा, बऱ्याचदा तो ६० वरच बसलेला असतो. आणि तुमचा प्रोसेसर कोणता, पॉवर सप्लाय किती वॅटचा आणि मुख्यतः कुठले गेम खेळता ते कमेंटमध्ये लिहा, म्हणजे नेमकं कार्ड सुचवता येईल.